कंदिलाचं पांढरं अंडं

"पानी लाल झालं का गं?" रतनबाईंनी खाटेवरून विचारलं.

"झालं, आत्याबाई. रंग चांगला उतरलाय," शालूबाई म्हणाली आणि पळसाची फुलं न् कांद्याच्या साली घातलेल्या उकळत्या पाण्यात एकेक अंडं सोडू लागली.

सासूबाईंचे डोळे मोतीबिंदूने गेले होते. जीभ मात्र ठणठणीत होती. ईस्टरची अंडी रंगवायचं काम त्यांनी आजवर सुनेच्या हाती दिलं नव्हतं. यंदा नाइलाज होता.

लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत या घराचा ईस्टर एके काळी गाजायचा. सासरे टाळ वाजवत पुढे, मागे सगळं खटलं. उजाडायच्या आत गात गात कबरस्तानात जायचं. रिवाज सासऱ्यांनीच घालून दिलेला. जित्या माणसाचं अंडं लाल, ते ज्याचं त्याने खायचं. मेलेल्याचं पांढरं, ते कबरीवर ठेवायचं. घरात लिहिता कुणालाच येत नव्हतं, म्हणून काजळाने खुणा काढायच्या. सासऱ्यांचा टाळ. शालूबाईची चाफ्याची कळी. आणि शमुवेल, तिचा नवरा, स्टेशनात दिवाबत्तीच्या कामावर होता म्हणून त्याचा कंदील.

पहिल्या महायुद्धाच्या लढाईत शमुवेल रेल्वेच्या तुकडीबरोबर इराकात बसऱ्याला गेला. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. लढाई संपली तरी तो परतला नाही. तापाने गेला, असं कुणा सोबत्याने रतनबाईंना बाजारात गाठून सांगितलं. त्यांनी घरी येऊन हंबरडा फोडला. कबरस्तानातल्या रिकाम्या जागेवर क्रूस उभा राहिला, आणि तेव्हापासून दर ईस्टरला शालूबाई तिथे कंदिलाचं पांढरं अंडं ठेवत आली.

पुढे सासरे गेले, टाळ खुंटीला लागला. दीर बदली होऊन दौंडला गेले. त्यांच्या पोरांना आता बेकरीचा केक लागतो. गाणं तर कधीच बंद पडलं. दोन बायका आणि दोन रंग तेवढे उरले.

वाढली ती फक्त सुदुंबरे गावी जाणारी अंड्यांची टोपली. तिथे रतनबाईंची थोरली बहीण बयाबाई राहायची. हे घर ख्रिस्ती झालं तरी ती जुन्या धर्मातच राहिली, त्यामुळे पुढे येणंजाणं उरलं नाही. पण शमुवेल लहानपणी तिच्याच अंगाखांद्यावर खेळलेला. क्रूस उभा राहिला त्याच्या पुढच्या वर्षापासून रतनबाई तिला एक लाल अंडं धाडू लागल्या. मग दोन जाऊ लागली, मग चार.

"शेजारची पोरं मागत्यात तिला," त्या म्हणायच्या.

मारुती माळी सुदुंबऱ्याहून गाडीने भाजी घेऊन बाजाराला यायचा. टोपली तोच न्यायचा. शालूबाईने लाल अंडी पानांत बसवली आणि क्षणभर थांबली. बयामावशी थकली असणार. तिला कबरस्तानात कोण आणणार? जीव तर तिचाही तुटत असेल. शालूबाईने एक पांढरं अंडं घेतलं, त्यावर कंदील काढला आणि टोपलीत ठेवलं. सासूबाईंना दिसत नव्हतं, आणि चांगल्या कामाला विचारायचं तरी काय?

टोपली गेली. मग तिने मनातलं बोलून टाकलं.

"आत्याबाई, दाविद मिस्त्रींची इगतपुरीला बदली झालीय. उद्या दुपारच्या गाडीनं निघतायत. त्यांना उद्याच उत्तर हवंय."

दाविद सुतारकाम करणारा विधुर. याआधी दोनदा त्याने तिला मागणी घातली होती, दोन्ही वेळा ती नाही म्हणाली होती. आता चाळिशी आली. ही शेवटचीच वेळ, हे तिला कळत होतं.

रतनबाईंनी पदराचं टोक चाचपलं.

"म्या आडवी येत न्हाई, बाई. तुला जायचं तर जा. पन तू गेल्यावर शमुवेलच्या क्रुसापाशी अंडं कोन ठेवंल?"

मागच्या दोन्ही वेळी त्यांनी हेच विचारलं होतं.

ईस्टरच्या सकाळी शालूबाईने क्रुसापाशी पांढरं अंडं ठेवलं. फाटकाजवळ दाविद उभा होता. धुतलेला कोट, हातात टोपी. तिला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं.

"मिस्त्री, मेलेल्या माणसाला टाकून जाणं मला जमत नाही," ती म्हणाली.

"आणि जित्याला?"

दाविदने टोपी घातली. दर वेळी तो 'पुन्हा विचारीन' म्हणायचा; या वेळी तसं म्हणाला नाही.

दुपारी गाडीची शिटी ऐकू आली तेव्हा ती आपलं लाल अंडं सोलत होती.

सोमवारी सकाळी मारुती दारात आला. टोपलीत एकच अंडं होतं. पांढरं. कंदील जसाच्या तसा.

"मावशी, ह्ये परत धाडलंय."

शालूबाई कावरीबावरी झाली. "बयामावशी रागावल्या का रे? मी आपलं चांगल्या मनानं..."

"त्या न्हाई. त्येंच्या घरातलं भाऊ रागावलं."

"कुठले भाऊ?"

आत खाट करकरली. "मारुती, टोपली ठेव अन् जा तू," रतनबाई घाईघाईने म्हणाल्या.

पण मारुतीला निरोप दिल्याशिवाय चैन पडत नसे.

"भाऊंची पोरं लाल अंडी खात हुती. भाऊ ह्येच हातात घिऊन लय येळ बगत ऱ्हायलं. मग मला म्हनलं, 'आईला जाऊन इचार, म्या अजून जित्ता हाय, तर मला पांढरं का धाडलं?'"