सहाजणींचा जयदीप

केतकीनं एकदाचं सांगून टाकलं. कॉलेजात असताना अनुराग नावाचा मित्र होता, दोन वर्षं जमलं, मग आपोआप संपलं. आता तो मानेसरला असतो, वाढदिवसाला फोन करतो. एवढंच.

दिल्ली हाटमधल्या त्या टेबलाशी जयेशचा जीव भांड्यात पडला. चौतिसावं सरत आलेलं, तीन ठिकाणी बोलणी फिसकटलेली, येत्या रविवारी साखरपुडा, आणि आईनं आर. के. पुरममधल्या यच्चयावत मराठी घरांना आमंत्रणं देऊन ठेवलेली. हेही मोडलं असतं तर बिचाऱ्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

म्हणून त्यानं मन मोठं केलं. "मागचं मी मोजत नाही," तो म्हणाला. "पुढचं मात्र सगळं माझं. त्याचा नंबर उडवून टाक."

केतकीचा मोमो चटणीत बुडाला तो तसाच राहिला. "हे वाक्य तुमचंच का?"

"बिल्कुल माझंच," जयेश फुशारला. पहिल्या भेटीतही त्याच्या एका वाक्यावर ती अशीच थबकली होती. छाप पडते आपली, असं तो धरून चालला.

खोटं नव्हतं ते. वाक्य त्याचंच, फक्त आधी जयदीपच्या तोंडी येऊन गेलेलं. दिवसा सरकारी फायली हलवणारे आमचे जयेशराव एका ॲपवर टोपणनावानं हिंदी कादंबरी चालवत, भागाभागांनी. नायक जयदीप. त्याच्यावर सहाजणी जीव टाकतात आणि तोही कुणाला नाही म्हणत नाही. मन मोठं ना! पण सहांतली विजयालक्ष्मी जिमवाल्याकडे बघून नुसती हसली, तर पठ्ठ्यानं तिला तीन भाग रडवलं. त्यात घरच्या मराठीनं घात केला. 'सज़ा' लिहायच्या जागी जयेश 'शिक्षा' लिहून गेला, आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण.

बाकी वाचकांनी ते मुकाट गिळलं. 'चौथी लड़ाई' नावाच्या एकानं मात्र खाली लिहिलं, "हीरो सबको शिक्षा देता है। खुद कब लेगा?" लोक पोट धरधरून हसले. मग प्रत्येक भागाखाली तो टवाळ हजर. जयदीपच्या सहा चालतात, मग तिचं एक हसू का चालत नाही, हाच धोशा. जयेशला लिहिणं नकोसं झालं होतं.

गेले पंधरा दिवस मात्र स्वारी गप्प होती. नेमकं लग्न ठरत आलं आणि ब्याद टळली. केतकीचा पायगुणच म्हणायचा, दुसरं काय!

"आणि तुमचं?" तिनं विचारलं. "तुमचं काही होतं का?"

"होत्या दोन-तीन." तो हसला. "मुलांचं वेगळं असतं गं."

केतकीनं मान हलवली. दुसऱ्या भेटीपासून तो तिला अगं-तुगं करत होता, ती अजून अहो-जाहोवरच होती, आणि त्याला ते फार आवडायचं. पानिपतच्या चादरींच्या कारखान्यात ती डिझाइनं करायची, रोज सकाळची गाडी. उद्या लवकर उठायचंय म्हणून ती निघाली. नंबरचं घरी जाऊन बघते, म्हणाली.

जयेश स्कूटरवर शीळ घालत घरी आला. सगळं जमलं, आता पेढे सांगून टाक, असं त्यानं आईला दारातच सांगितलं. आईनं देवापुढं साखर ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, इतक्या वर्षांनी सुटल्यासारखं वाटलं तिला.

तेवढ्यात फोन वाजला. केतकीचा मेसेज. उडवला वाटतं नंबर, गुणाची पोरगी, असं म्हणत त्यानं तो उघडला.

"नंबर उडवतेय. तुमचा. बाबांना माझा नकार सांगितलाय, ते फोन करतील. आता तुम्हीही जरा शिक्षा घ्या, हिंदीतली.

चौथी लड़ाई, पानिपत."