पाळण्याचा पहारेकरी

बाळाच्या खोलीतली हवा बिघडली की बोंब ठोकणारं यंत्र घरीच बनवायचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात शिरलं आणि मोबाईलवर चार व्हिडिओ पाहून महाशय शास्त्रज्ञ झाले. सोल्डरिंगचा पसारा मांडला तोही पाळण्याला खेटून असलेल्या टेबलावर. वाऱ्याने जोड नीट बसत नाहीत म्हणून पंखा बंद, खिडकीलाही कडी.

"अरे, धूर कोंडलाय. बाळ खोकतंय," ती म्हणाली.

"मग हे कुणासाठी चाललंय? तुला ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे!"

"कसब आहे हो माझ्या लेकाच्या हातात," सासूबाईंनी दारातून री ओढली.

शेवटची तार जोडली आणि ती इवलीशी डबी घर डोक्यावर घेत किंचाळू लागली. चला, नवऱ्याला नाही तर निदान त्याच्या डबीला तरी अक्कल आहे, असं म्हणत ती बाळाला उचलून खिडकीकडे धावली.

"थांब, उघडू नकोस! जरा जास्तच नाजूक झालंय हे." किती धूर सोसून डबीने गप्प बसायचं हे ठरवणारा एक बारीक स्क्रू होता. आवाज थांबेपर्यंत नवरा तो स्क्रू पिळत राहिला. मग डबी त्याने कौतुकाने पाळण्याला अडकवली.



"झालं! हवा आता अगदी स्वच्छ आहे, ठेव त्याला खाली," पाणावलेले डोळे चोळत तो म्हणाला.