आमच्या जबाबदारीवर

“आमचं मालक कुणाच्या चुकीनं गेलं? खरं सांगा, सुखदेवभाऊ.”

विजयमालाबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. कपाळ मोकळं. नवऱ्याचं, गेनबांचं, तेरावं कालच झालं होतं. सुखदेवच्या हातातली पक्कड हातातच राहिली. वारज्यात वायरिंगची कामं करून त्याचे केस पिकले होते. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

एप्रिलात त्यांच्या घरचा ईएलसीबी सारखा पडायचा. वीज कुठे गळली की क्षणात पुरवठा तोडणारा, माणसाचा जीव राखणारा हा स्विच. पण ऐन उकाड्यात दर दहा मिनिटांनी एसी बंद पडला की लोकांना गळती दिसत नाही, स्विचच डोळ्यांत खुपतो. गळती शोधायला दोन दिवसांत येतो, असं सुखदेव म्हणाला. एकुलता एक मुलगा रविराज म्हणाला, “बाबांना सोसत नाही हो. तोवर तो स्विच काढून डायरेक्ट करून टाका.” सुखदेवने वही पुढे केली. असलं काम तो लिहून घेतल्याशिवाय करत नसे. ‘आमच्या जबाबदारीवर’ असं लिहून रविराजने हसत सही ठोकली. चौथ्या दिवशी गॅलरीत ओला टॉवेल वाळत घालताना गेनबांचा हात एसीच्या पत्र्याला लागला. दोन दिवसांत येतो म्हणालेला सुखदेव दुसऱ्याच कामात अडकला होता.

वही समोरच्या खणात होती. दाखवली की तो मोकळा. त्याने खण अर्धा उघडलाही. मग त्याला वाटलं, या बाईला आता तो एक मुलगाच उरला आहे. आणि वायर जोडली होती ती तर याच हातांनी. त्याने खण लोटून दिला.

“माझ्या चुकीनं, वहिनी. जोडणीच चुकली माझ्याकडून. तो स्विच असता तरी दादा वाचले नसते.”

जोडणी चुकली नव्हती. स्विच असता तर गेनबा आज पायरीवर बसून चहा पीत असते. सुखदेव मान खाली घालून शिव्याशापांची वाट बघत राहिला.

विजयमालाबाई पायरीवर बसल्या.

“रविराजला सही करायला मीच लावलं व्हतं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तवापास्नं पोरगं घास गिळत न्हाई. आत्ता बोललात, तेच घरी येऊन त्येला सांगाल का?”