पेशंटचं मत

"पेशंट से पूछिए ना, आया कैसी है?" पलंगाशी खुर्ची ओढून बसत काकोली म्हणाली. ती रुग्णांसाठी आया पुरवणाऱ्या सेंटरची सुपरवायझर. तक्रारी वाढल्यापासून सेंटरने घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली होती, आणि आज कोलकात्याच्या बेहाला भागातल्या या फ्लॅटची पाळी होती.

हेमंतरावांना तिचा प्रश्न नीट कळला. बँकेतल्या बदल्यांच्या नोकरीत त्यांनी हिंदी, बंगाली, सगळं आत्मसात केलं होतं. गेल्या वर्षीच्या पक्षाघाताने उजवं अंग नेलं आणि जिभेवर मराठी तेवढी ठेवली. कानांना मात्र धक्का लागला नव्हता.

शर्वरी बापाकडे वळली. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात फोन. न्यू टाउनला नेणारी कॅब खाली येऊन थांबली होती.

"बाबा, मिनती कशी आहे, विचारतायत."

मिनती पलंगाच्या पायथ्याशी टॉवेलच्या घड्या घालत होती. हेमंतरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते किती दिवस वाट बघत होते.

"पाणी देत नाही," ते सावकाश म्हणाले. "पाणी दिलं की डायपर बदलावा लागतो, म्हणून. ओठ सुकून जातात गं शरू. दुपारी हा हात पलंगाला बांधते आणि झोपते."

त्यांनी डावा हात उचलला. बाही मागे सरकली. मनगटावर लाल वळ होता.

शर्वरीने चटकन तो हात आपल्या हातात घेतला. बघणाऱ्याला वाटावं, किती मायेची लेक! तिचा अंगठा बरोबर वळावर होता.

"सब ठीक है, बोल रहे हैं," ती म्हणाली.

"पानी का कुछ बोले ना?"

"हाँ... पानी माँग रहे हैं."

ते ऐकताच मिनतीने टॉवेल ठेवला. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, हेमंतरावांच्या मानेखाली अलगद हात घातला आणि पेला ओठांशी धरला. एवढ्या हळुवारपणे तिने त्यांना कधीच उचललं नव्हतं. तोंड फिरवावं, असं त्यांच्या मनात आलं. पण तहान मनाचं ऐकेना. ते घटाघटा प्यायले. पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते मिनतीने पदराने टिपलं.

काकोली बघत होती. बाई काही मूर्ख नव्हती.

"सुबह से पानी नहीं पिया क्या?" तिने हातातला आपला फोन मांडीवर उपडा ठेवला आणि शर्वरीला स्पष्टच सांगितलं: यांनी एवढं बोलून दाखवलं आणि तुम्ही दोन शब्दांत उरकलंत. तक्रार असेल तर मोकळेपणाने बोला. नियम असा आहे की तक्रार आली, की मी आयाला त्याच क्षणी सोबत घेऊन जाते.

"और दूसरी कब मिलेगी?" शर्वरीने विचारलं.

"दुर्गापूजा के पहले? मुश्किल है, दीदी. नाम लिख लेती हूँ."

शर्वरीचा फोन वाजला. कॅबवाला. तिने कट केला. परत वाजला.

हेमंतरावांना सगळं ठाऊक होतं. मिनतीच्या आधी आलेल्या आया टिकल्या नव्हत्या, आणि दर वेळी शर्वरीला घरी बसावं लागलं होतं. आता सुट्टी घेतलीस तर परत येऊ नकोस, असं तिच्या साहेबाने सांगितलं होतं. पाण्याचं त्यांनी तिला आधीही सांगितलं होतं. "मी बोलते तिच्याशी," ती म्हणाली होती. आणि बोललीही होती, पण उसनं मागायला गेल्यासारख्या आवाजात.

"एक बार फिर पूछिए," काकोली म्हणाली. "मेरे सामने."

शर्वरी वाकली. केस धड विंचरलेले नव्हते. तिचा अंगठा अजून वळावरच होता.

"बाबा," ती म्हणाली. "मिनती कशी आहे?"

आता नुसता हात सोडवून घेतला असता तरी पुरे होतं. मनगट बघायला दुभाषी लागत नाही. हेमंतराव लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"चांगली आहे," ते म्हणाले. "सांग त्यांना. चांगली आहे म्हणावं."

शर्वरीने मान वर केली. ओठ उघडले. इतका वेळ सफाईने हिंदी बोलणाऱ्या शर्वरीला हे एवढंसं वाक्य काही केल्या सांगता येईना.

"क्या बोले?" काकोलीने विचारलं.

तेव्हा पायथ्याकडून मिनती बंगालीत म्हणाली, "दादू बोलछेन, भालो." चांगली आहे म्हणतायत, एवढं मराठी तिलाही कळलं होतं.

काकोलीने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग सुस्कारा टाकून फोन उचलला. पाहणी झाल्याचा फोटो सेंटरला पाठवावा लागे. मिनती उशाशी येऊन उभी राहिली, तिने हेमंतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या बाजूने शर्वरी वाकली. मनगट तिने अजून सोडलं नव्हतं.

"थोड़ा मुस्कुराइए, दादू."

चेहऱ्याची डावी बाजू तेवढी त्यांच्या ताब्यात होती. तेवढ्यावर ते हसले.