चारपासून चाळीसपर्यंत

थर्मामीटर उणे सहा दाखवत होता. तासाभरापूर्वी तो उणे आठवर होता. मेहरीनने वेळ कागदावर लिहिली : शुक्रवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर काल दुपारी बाराला जळला होता. पॉवरलूम बंद पडल्यामुळे भिवंडीची ही गल्ली इतकी शांत होती, की फ्रीझरमध्ये बर्फ तडकलेला बाहेर ऐकू येत होता.

ती मानकोलीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान तपासायचं काम करायची. तिथं आकडा उणे पंधराच्या वर गेला, की माल परत पाठवायचा. इथं परत पाठवायला जागा नव्हती.

डीप फ्रीझर अम्मीचा, म्हणजे रुकय्याचा. रमजानमध्ये ती समोसे आणि कबाब गोठवून विकायची. या वेळी मात्र ऑपरेशनची तारीख मिळाल्यापासून तीन आठवडे तिने तो घरासाठी भरला होता. खिमा, डाळ-मटणाचा दालचा, साधी डाळ, मटणाचं रस्सेदार सालन. सपाट पाकिटं, दिवसाला एक, प्रत्येकावर मार्करने दिवसाचा नंबर.

"हृदयाची झडप बदलल्यावर सहा आठवडे गॅससमोर उभं राहायचं नाही म्हणतात डॉक्टर," ती म्हणाली होती. "तुझी ड्युटी, फरहानची बारावी. गरम करा आणि खा."

मेहरीनने तिला एकच गोष्ट शिकवली होती. बटाटा गोठवायचा नाही. त्याच्या पेशी फुटतात, पाणी सुटतं, मग तो ओल्या कापसासारखा लागतो. बटाट्याशिवाय सालन ही अम्मीच्या दृष्टीने शिक्षाच. तरीही तिने एकाही पाकिटात बटाटा घातला नव्हता. मुंबईच्या हॉस्पिटलला निघताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "अब्बा सांगतील त्या दिवशी सुरू करा. त्याआधी हात लावू नका."

ऑपरेशन उद्या सकाळी होतं.

उणे पाच.

"अगो पोरी, आई दवाखान्यात आन तू हितं बरफाची पूजा करतेस व्हय?" समोरच्या दुकानातून जाईबाईंनी हाक मारली. रस्त्याच्या त्या बाजूला लाईट होती. "माझा आइस्क्रीमचा फ्रीझर अर्धा रिकामा हाय. आन इकडं सगळं!"

मेहरीनने मोठी डेगची काढली, पाकिटं तिच्यात रचली, वर चादर गुंडाळली. चार फेऱ्या झाल्या. जाईबाई एकेक पाकीट आत लावत होत्या. शेवटच्या फेरीला त्यांनी डेगचीच्या कडेवरून हात फिरवला.

"गेल्या महिन्यात फखरुद्दीनशेठ गेले, तवा हीच नेलेली ना त्यांच्याकडं? तुझी आई दुपारच्या उन्हात घेऊन चाललेली. मी म्हटलं, रुकय्या, तुझाच जीव धडधडतोय, कशाला उचलतेस? तर म्हणाली, आज जेवण द्यायची माझी पाळी हाय."

मेहरीन हसली, पण तिचं लक्ष पाकिटांवर होतं. सवयीने ती नंबर लावून बघत होती. चाळीसवर शेवट. चारपासून सुरुवात. मोजली तर सदतीस.

एक, दोन आणि तीन नव्हते.

कामावर नंबर गायब असला, की दोनच कारणं असतात. मोजायला चूक झाली, नाहीतर कुणीतरी माल काढला. अम्मी मोजायला चुकत नाही. मेहरीन डेगची घेऊन तरातरा घरी आली.

"फरहान, पाकिटं खाल्लीस तू?"

"कसम से नाही, आपा!" धाकटा भाऊ ओरडला. "मला चहा गरम करता येत नाही, मी खिमा चोरणार?"

तिने रिकाम्या फ्रीझरचा तळ बघितला. स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये बघितलं. मग अब्बांना फोन लावला. मोबाईलवर नऊ टक्के उरले होते. अब्बांनी फोन अम्मीकडे दिला.

"अम्मी, पाकिटं जाईबाईंकडे ठेवली, एकही सुटलं नाही. पण एक, दोन, तीन कुठं आहेत?"

पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. तो आवाज लांब गेला.

"ते बनवलेच नाहीत, बेटा."

"का?"

"पहिले तीन दिवस लागत नाहीत."

मेहरीनची नजर ओट्यावरच्या डेगचीवर गेली. मयतीच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. गल्ली जेवण पाठवते. फखरुद्दीनचाचांच्या घरी दुसऱ्या दिवसाचं जेवण याच डेगचीतून गेलं होतं. चौथ्या दिवसापासून चाळिसाव्याच्या फातिहापर्यंत ज्याचं त्याने बघायचं.

चारपासून चाळीसपर्यंत. अब्बा सांगतील त्या दिवशी.

मेहरीन रिकाम्या फ्रीझरला टेकून खाली बसली. पत्रा आता थंडही लागत नव्हता. डॉक्टरांनी अम्मीला असं काय सांगितलं होतं, जे मेहरीनला कुणी सांगितलं नव्हतं? मोबाईल कानावरून काढून तिने बॅटरी बघितली. सात टक्के.

"मेहरीन? आहेस ना?"

"आहे." तिने आवाज सरळ केला. "अम्मी, एक नंबर मी बनवते. तू घरी येशील त्या दिवसाचा. काय खाशील, सांग."

"वेडी आहेस."

"सांग ना. बॅटरी संपतेय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"सालन कर," ती म्हणाली. "बटाटे घालून."