इथून काढ मला

शलाकाने आपल्या छातीचा एक्स-रे कॅफेच्या काचेवर दोन्ही हातांनी दाबून धरला. बाहेरच्या उन्हात फुप्फुसांवरचे पांढरे डाग टेबलाभोवतीच्या अकराही जणांना लख्ख दिसले.

याचाच फोटो तिने सोमवारी दवाखान्यातून वेपिंगच्या, म्हणजे ई-सिगारेट ओढणाऱ्यांच्या, ग्रुपवर टाकला होता. दोन वर्षं ‘आपण सगळे फॅमिली’ म्हणणाऱ्या चारशे जणांपैकी एकानेही ‘कशी आहेस’ विचारलं नाही. अॅडमिन ओजसने ‘इथे निगेटिव्ह नको’ म्हणत फोटो उडवला आणि पाठोपाठ तिलाही ग्रुपमधून काढलं. रविवारी हे भेटतात कुठे, ते मात्र तिला ठाऊक होतं.

“ताई, लोक बघतायत. ठेव ते आत,” हातातला वेप घाईघाईने खिशात कोंबत ओजस कुजबुजला.

“बघू देत की! जिना चढताना जीव जातो माझा, आणि तू मला निगेटिव्ह म्हणतोस?”

तिला धाप लागली, एक्स-रे काचेवरून घसरू लागला. तेवढ्यात त्या अकरांतलीच एक मुलगी खुर्ची सरकवून उठली आणि तिने एक्स-रेची एक बाजू धरली.

मोकळ्या झालेल्या हाताने शलाकाने ओजसकडे बोट दाखवलं.

“आता काढ मला इथून. आणि हिलाही काढ!”