नुसती चक्कर

"चक्कर आली हो नुसती," असं म्हणत ड्रायव्हर पुन्हा खाटेवरून उतरायला लागला. डॉक्टरनं त्याचा खांदा धरून त्याला परत निजवलं, तसा तो कळवळला.

तो शाळेची बस चालवायचा. मुलांना सोडून आल्यावर पेट्रोल पंपावर कोसळला होता. त्याला उचलून आणणाऱ्या तिघांपैकी एकानं तोंडावर बादलीभर पाणी ओतलं होतं, दुसऱ्यानं दातांत चमचा घालायची धडपड केली होती आणि तिसरा गावभर फोन करत होता. हातपायांना झटके येत होते का, डोळे उघडे होते का, ते एकालाही सांगता येईना. डॉक्टरला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

"नुसती चक्कर आलेला माणूस लगेच भानावर येतो," ती म्हणाली. "तुम्ही तर इथे आल्यावर बायकोलाही ओळखत नव्हता."

"उपाशी होतो, मॅडम. दुसरं काही नाही."

"जीभ दाखवा."

जिभेच्या कडेला दातांचे ताजे व्रण होते.

"जेवताना चावली," तो घाईनं म्हणाला.

"आत्ता तर उपाशी होता ना!"

तो वरमला. मग हलकेच म्हणाला, "फिट आली असं लिहू नका. माझी बस जाईल."

डॉक्टर वैतागून त्याच्या बायकोकडे वळली. ती मघापासून पर्सचा बंद पिळत उभी होती. "तुम्ही तरी खरं बोला. आधी असं झालंय?"

"तिला काय विचारता?" ड्रायव्हर म्हणाला.

"दोनदा," बायको म्हणाली. "झोपेत. सगळं अंग आखडलं होतं. सकाळी सांगितलं, तर म्हणाले, तुला स्वप्न पडलं असेल."

डॉक्टरचा पारा चढला. "आणि तरी रोज बस काढू दिलीत? अहो, लहान लहान पोरं असतात त्यात! तुमची स्वतःची मुलगी त्या बसमध्ये असती तर?"

बायकोनं मान खाली घातली.

ड्रायव्हर कोपर टेकून उठला. बायकोकडे वळला.

"तू तर म्हणाली होतीस," तो म्हणाला, "की पोरीला बसमध्ये मळमळतं."